‘येते’चं भाषांतर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात आमच्या माधवनगरच्या घरात जपानी राजकन्या कडेगावच्या बोलीत बोलायला लागल्या. "जीव गेला तरी मी ह्यो गड सोडायची न्हाई," असं एक निळ्या केसांची पोरगी तलवार उपसून म्हणायची, आणि पलंगावरून आई उत्तर द्यायची, "नगं सोडूस. पर आदी दोन घास खा." कानावर जपानी पडायचं, पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं पळायची, आणि आईला दोन्ही भाषा येत नव्हत्या. मधे मी बसायचे, दुभाषी म्हणून. पहिल्या दिवशी मी पुस्तकी मराठीत सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "बातम्या सांगतीयास व्हय?" तेव्हापासून सगळे देव, राक्षस, सेनापती आणि बोलकी मांजरं आमच्या गावच्या भाषेवर आली.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलं नाही, घरात मी एकटीच. या वयाच्या बाईनं कार्टून बघावीत आणि हातात कंट्रोलर धरून व्हिडिओ गेम खेळावेत, याबद्दल नातेवाइकांची मतं मला ठाऊक आहेत. ती त्यांनी स्वतःपाशीच ठेवावीत असं मी एकदोघांना तोंडावर सांगितलंही आहे. ही सवय साताऱ्यात एम.ए. करताना लागली. हॉस्टेलात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा भाऊ पुण्याहून सीडी आणून द्यायचा, आणि आम्ही दोघी तिच्या कॉम्प्युटरसमोर गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. एका मुलाला रोज आरशातून स्वतःसारखाच दुसरा मुलगा बाहेर आलेला दिसतो आणि तो त्याच्याशी भांडत राहतो, अशी एक गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी मनाच्या दडपलेल्या भागाबद्दल सांगायला सुरुवात केली तेव्हा मी मनातल्या मनात म्हणाले, हे तर मी काल बघितलं.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा हेच माझं भांडवल झालं. नायक ज्या राक्षसाशी लढतो तो त्यानं नाकारलेला त्याचाच भाग असतो. शापित तलवार म्हणजे संताप. ज्या गावात सगळे हसतमुख असतात त्या गावाच्या विहिरीत काहीतरी पुरलेलं असतं. मुलं माना डोलवायची, मागच्या बाकावरची झोपेतून उठायची. मला वाटायचं, अर्थ लावणं आपल्याला चांगलं जमतं.

वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आई कडेगावजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची. उसाचं शेत चुलत्यांकडे कसायला दिलं होतं. किती वेळा बोलावलं तरी ती इकडे टिकायची नाही. दोन दिवस झाले की तिला म्हशीची आठवण यायची, म्हैस विकली होती तरी. ऑपरेशनमुळे ती पहिल्यांदाच माझ्या हाताला लागली.

कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारी दोननंतर मी मोकळी असायचे. खिडकीला निळा पडदा आहे, तो ओढला की खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसते. जेवण झालेलं, आईचा पाय उशीवर, बाहेर कुठेतरी कुणीतरी पिंपात पाणी भरतंय. गोळ्यांमुळे तिला झापड यायची. भाग चालू असतानाच ती हळूच झोपेत उतरायची आणि गोष्ट तिच्या झोपेत पुढे चालू राहायची. जागी झाली की ती मला विचारायची, "त्यो पांढऱ्या घोड्यावाला उसातनं निगाला का बाहीर?" मालिकेत ऊस कुठेच नसायचा. बर्फ असायचं, देवदारांची रानं असायची. पण तिच्या स्वप्नात घोडेस्वार उसाच्या सरीत वाट चुकलेला असायचा, ऊस त्याच्या डोक्याच्या वर गेलेला, आणि तो पानं बाजूला सारत सारत चाललेला. "निघाला," मी सांगायचे. पहिल्यांदा मी तिला दुरुस्त करायचे, नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर तिचा भाग मला जास्त आवडायला लागला होता. कधीकधी मलाही डुलकी लागायची, आणि मग त्या निळ्या उजेडात कुठली गोष्ट पडद्यावरची, कुठली तिची आणि कुठली माझी, हे संध्याकाळपर्यंत नीट लागायचं नाही.

गेमचं तिला आधी काही कळलं नाही. हे चित्र आपल्या हातानं चालतं, आपण नेऊ तिकडे जातं, हे कळलं तेव्हा मात्र ती उठून बसली. जुन्या काळच्या जादूच्या राज्यातला गेम होता. त्यात आपण गावोगाव फिरायचं, लोकांची कामं करायची, आणि जाता जाता कुणाच्याही घरात शिरून पेट्या उघडायच्या, मडकी फोडायची, मिळेल ते घ्यायचं. सगळ्या अशा गेममध्ये हेच करतात. मी वीस वर्षं करत आले आहे आणि एकदाही माझ्या मनात काही आलं नव्हतं.

"कुनाचं घर हाय त्ये?" आईनं विचारलं.

"माहीत नाही. असंच एक."

"मग त्येंचं डबं का उघडतीयास?"

मी म्हटलं, आई, हे खोटं आहे, यात कुणाचं काही जात नाही. ती म्हणाली, "त्यांचं न्हाई जात. तुजी चांगली सवय जाती." मी निमूटपणे परत त्या घरात गेले. वस्तू पेटीत परत ठेवायची सोय गेममध्ये नव्हती, जमिनीवर टाकता येत होती. म्हणून औषधाच्या दोन बाटल्या आणि एक पाव त्यांच्या चुलीपाशी टाकून आले. तिथून पुढे आमचा खेळ फार हळू चालला. दारात थांबायचं, घरात कुणी आहे का बघायचं, बाई चुलीपाशी असली तर तिच्याशी आधी बोलायचं. एवढं सभ्य राज्य त्या गेममध्ये दुसऱ्या कुणी उभं केलं नसेल.

त्यातच तो दीपगृहातला म्हातारा भेटला. त्याची मुलगी डोंगरापलीकडच्या शहरात निघून गेली होती. कधी दिसली तर कशी आहे तेवढं कळव, असं तो म्हणाला. पुढे पुष्कळ दिवसांनी ती आम्हाला भेटली. तिनं पावाची भट्टी घातली होती. बाबांना सांगा मी सुखात आहे, म्हणाली. गेमच्या दृष्टीनं काम तिथं संपलं, पडद्यावर तसं लिहूनही आलं. मी पुढच्या किल्ल्याच्या दिशेनं घोडा वळवला.

"कुटं निगालीस?" आई म्हणाली. "निरोप घेतलास न्हवं? मग पोचीव."

अर्धं राज्य उलटं तुडवावं लागलं. दोन दुपारी गेल्या. समुद्रकाठी पोचलो, म्हाताऱ्यापाशी गेलो, मी बटण दाबलं, आणि त्यानं पहिल्या दिवशीचंच वाक्य म्हटलं: माझी मुलगी डोंगरापलीकडे गेली आहे, कधी दिसली तर कळव. कुणी खरोखरच परत येईल असं गेम बनवणाऱ्यांना वाटलं नव्हतं. मी आईला तसं सांगितलं. तिनं ते कानाआड केलं. "ऐकू येत न्हाई त्येला. जवळ जा." मी जवळ नेलं. पुन्हा तेच वाक्य. शेवटी आईनं पलंगावरूनच घसा साफ केला आणि मोठ्यानं सांगितलं, "आवं दादा, लेक बरी हाय तुमची. पावाची भट्टी टाकलीया. काळजी करू नगा." मग ती समाधानानं आडवी झाली.

कुणी बघत नसताना, बक्षीस मिळणार नसताना माणूस बरोबर का वागतो, यावर मी दरवर्षी तीन तास घेते, फळ्यावर आकृत्या काढून. त्या दुपारी मला त्या तीन तासांची लाज वाटली. आणखी एकदा, सगळी शहरं गोठवून टाकणाऱ्या एका दुष्ट राजाचं मन मी तिला चांगली पंधरा मिनिटं समजावून सांगितलं होतं. बालपणातला तुटकपणा, त्यातून सत्तेची भूक, वगैरे. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे त्येला कुनी ये बस म्हनलं न्हाई." तेही मी पुढं वर्गात वापरलं, तिचं नाव न सांगता.

मग आम्ही दोन बहिणींची मालिका लावली.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव, तिथं घंटा ओतणारे लोक राहतात. दरवर्षी डोंगरावरून धुकं उतरतं आणि त्यात जो सापडतो तो स्वतःचं नाव विसरतो, घर विसरतो, तिथंच भटकत राहतो. थोरली बहीण ठरवते की नवी घंटा घेऊन वर जायचं आणि शिखरावर टांगायची, म्हणजे हरवलेल्यांना आवाजाच्या दिशेनं खाली येता येईल. चौथ्या भागात ती निघते. पाठीवर घंटा बांधलेली, उंबऱ्याबाहेर पाऊल, मागे दारात धाकटी. थोरली मान न वळवता एक शब्द बोलते आणि चालायला लागते. खाली इंग्रजीत दोन छोटे शब्द आले, निघण्याचे.

"येते गं, म्हणाली," मी आईला सांगितलं.

दुसरं काय सांगणार होते? आमच्या घरात दारातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. लहानपणी शाळेला निघताना एकदा म्हटलं तर आईनं दप्तराला धरून आत ओढलं होतं आणि पुन्हा नीट म्हणायला लावलं होतं. जाणारा कितीही लांब जाणार असो, म्हणायचं ‘येतो’, ‘येते’. हा शब्द मी विचार करून निवडला नाही. तोंड उघडलं आणि तो आला.

आईनं मात्र तो धरून ठेवला. पाचवा भाग, सहावा, सातवा. गोष्ट गावात राहिली, धाकटी मोठी होऊ लागली, घंटा ओतायला शिकली. आई रोज विचारायची, "थोरलीचा पत्ता हाय का?" मी म्हणायचे, अजून नाही. "येनार," ती म्हणायची. "येते म्हनाली न्हवं? मग येनार." झोपेत तिला थोरली दिसायची. धुक्यातून नाही, साखर कारखान्याच्या धुराड्याच्या वाफेतून चालत यायची, पाठीवर घंटेऐवजी पाण्याची घागर. "लय दमली हुती," आई जागी झाल्यावर सांगायची. मी मान हलवायचे आणि पडद्याकडे बघायचे, कारण तिच्याकडे बघणं मला अवघड व्हायला लागलं होतं.

त्याचं कारण आता सांगायला हवं. त्या हिवाळ्याच्या तीन वर्षं आधी तात्या आजारी पडले. तात्या म्हणजे माझे वडील. सगळं घर त्यांना तात्याच म्हणायचं, मीही. अंग लुळं पडलं, बोलणं तुटक झालं, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका रविवारी मी गावी गेले, दिवसभर त्यांच्या उशाशी बसले. संध्याकाळच्या एस.टी.ला निघताना त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "तात्या, येते." त्यांनी बोटं हलवली. त्यानंतर बारा दिवस मी गेले नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते, गठ्ठे वेळेवर द्यायचे होते. दीड तासाची वाट आहे ती, मनात आणलं असतं तर रोज जाऊन येता आलं असतं. मी रोज संध्याकाळी फोन करायचे, कसे आहेत विचारायचे, आई म्हणायची, "हायेत." शनिवारी जायचं ठरवलं होतं. शुक्रवारी सकाळी ते गेले.

माझा एक चुलतभाऊ फौजेत आहे. तो त्या वेळी सुट्टीवर आला होता आणि शेवटचे तीनचार दिवस आमच्या घरी येऊन जाऊन होता. अंत्यविधीनंतर हातपाय धुताना तो मला म्हणाला, "आक्का, तात्या शेवटपतूर इचारत हुतं. आली का, आली का. लय वाट बगितली त्येंनी." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. चार दिवसांनी तो पुन्हा त्याच्या युनिटला निघून गेला.

ते वाक्य मी तीन वर्षं जवळ बाळगलं. अपराधभाव म्हणजे काय, त्याची लक्षणं कोणती, तो दुःखापेक्षा वेगळा कसा, हे सगळं मी मुलांना शिकवते आणि खडू ठेवून घरी येते. आईशी याबद्दल एकदाही बोलले नाही. तात्या विचारत होते का, असं तिला विचारलं असतं तर ती व्हय म्हणाली असती. मग पुढचा प्रश्न आला असता, तूसुद्धा मला त्याचा दोष देतेस का. तो विचारायची माझी छाती नव्हती. आणि ही रोज पलंगावर बसून एका खोट्या पोरीबद्दल म्हणत होती, येते म्हनाली न्हवं, मग येनार.

शेवटचा भाग बघायच्या आदल्या सकाळी सुट्टी होती. वर्गात दाखवण्यासाठी एक तुकडा हवा म्हणून मी चौथा भाग एकटीनं पुन्हा लावला. आई आतल्या खोलीत मालिशवाल्या बाईशी बोलत होती. निरोपाचा प्रसंग आला आणि मी पहिल्यांदाच खाली न वाचता नुसतं ऐकलं.

इतकी वर्षं ऐकून ऐकून थोडं जपानी कानात बसलं आहे. घरातून निघताना तेही लोक नुसतं ‘जातो’ म्हणत नाहीत. त्यांचा जो शब्द आहे त्यात जाणंही असतं आणि परत येणंही, ‘जाऊन येते’ असा. घरात राहणारा त्यावर ‘जाऊन ये’ म्हणतो. रोजचं आहे ते, शाळेला जाणारं पोरही म्हणतं. थोरलीनं तो शब्द वापरला नव्हता. त्यातला येण्याचा भाग तिनं काढून टाकला होता. ‘जाते’, एवढंच ती म्हणाली होती. म्हणून धाकटी दारात तशी उभी राहिली होती. म्हणून तिनं उत्तर दिलं नव्हतं. ती लांबलचक शांतता मला आधी चित्रकारांचा आळस वाटला होता.

अख्खी गोष्ट त्यांनी त्या अर्ध्या शब्दावर टांगली होती आणि मी तो तोंडानं पुरा करून आईला दिला होता. मी टीव्ही बंद केला. मालिशवाली बाई जाताना "येते हं ताई" म्हणाली, तर मला दचकायला झालं.

शेवटच्या भागात शिखरावरून घंटा वाजते. धुकं विरतं. हरवलेली माणसं एकेक करून खाली येतात. कुणी म्हातारं झालेलं, कुणी हातात अजून तेव्हाचंच फूल धरलेलं. धाकटी वेशीपाशी सगळ्यांचे चेहरे बघत उभी असते. वाट रिकामी होते. घंटा वाजत राहते. ती कोण वाजवतंय हे धाकटीला कळतं आणि आपल्यालाही कळतं. मग नावं वर सरकायला लागली.

आई नावंही संपेपर्यंत बघत राहिली. त्या दिवशी तिला झापड आली नव्हती. "आन थोरली?" तिनं विचारलं.

"ती नाही आली."

"आसं कसं? येते म्हनाली हुती."

मी म्हटलं, "आई, ती येते म्हणाली नव्हती. जाते म्हणाली होती. मी तुला चुकीचं सांगितलं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग तू का बदललंस?"

"मुद्दाम नाही गं. सवयीनं. आपल्यात कुणी जाते म्हणतं का?"

"न्हाई म्हनत," तिनं कबूल केलं. चादरीच्या काठावरचा दोरा तिनं बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "शानी पोरगी. धाकटीला वाट बगायला न्हाई लावलं."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. तिला काही म्हणायचं होतं की ती नुसती गोष्टीबद्दल बोलत होती, हे कळायला मार्ग नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. तो उतू गेला.

दोन दिवस आम्ही काही लावलं नाही. तिसऱ्या दुपारी मी नवी मालिका लावली, काहीतरी हलकंफुलकं, बोलक्या कासवाचं. आईला लगेच झोप लागली. मीही खुर्चीत पेंगत होते. पाचदहा मिनिटं गेली असतील. टीव्ही फट्‌ करून बंद झाला, पंखा गरगरत मंदावला आणि थांबला. इन्व्हर्टरची बॅटरी बरेच दिवस मरायला टेकली होती, तिनंही दगा दिला. खिडकीच्या पडद्यातून येणारा निळा उजेड तेवढा राहिला. रस्ता, शेजार, सगळं एकदम गप्प झालं. झोपेच्या भरात मला क्षणभर वाटलं आपण डोंगरावर आहोत. मी उठले, बाहेर पॅसेजमध्ये मीटरपाशी गेले आणि मेन स्विच खालीवर करून बघितला.

आतून आईचा आवाज आला, झोपेतला, जड. "आली का?"

स्विचवरचा हात तसाच राहिला. मग आत आले आणि तिच्या पलंगाशी जमिनीवर बसले.

"आई, तात्या शेवटी विचारायचे ना, आली का, आली का. ते काय होतं?"

"लाईट गं," ती म्हणाली. अजून पुरती जागी नव्हती. "शेतातली. दुसरं काय हुतं त्येंच्या डोक्यात? ऊस वाळतूय, लाईट आली का, मोटर सुरू केली का. दिसभर त्येच. मी म्हनायची, आली, केली मोटर सुरू, पानी चाललंय उसाला. मग डोळं मिटायचं."

मला हसू आलं. खरंच आलं, आवरेना. तीन वर्षं मी ज्या वाक्याखाली वाकून चालत होते ते मोटरीबद्दल होतं. फौजेतल्या भावानं त्याचा एक अर्थ लावला, मी त्यावर आणखी चढवला. अर्थ लावण्याचा पगार घेणारी मी, आणि मला हे सुचलं नव्हतं. वाईटही वाटत होतं, आणि ते कशाचं ते मला तिथंच कळलं. माझी वाट बघणारा एक बाप मी तीन वर्षं सांभाळला होता आणि तो एका दमात उठून उसाकडे निघून गेला होता.

"म्हणजे त्यांनी माझी वाट नाही बघितली?" मी विचारलं. माझा आवाज दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

आई आता पुरती जागी झाली. हातावर भार देऊन ती थोडी वर सरकली. मी मदत करायला उठले तर तिनं हातानंच बस म्हटलं.

"त्येंनी न्हाई बगितली," ती म्हणाली. "त्येंना मी कोन हाय त्येबी उमगत नव्हतं." "वाट मी बगत हुते."

त्या बारा दिवसांतले रोजचे फोन मला आठवले. ‘कसे आहेत?’ ‘हायेत.’ आणि मी फोन ठेवत होते. तू कशी आहेस, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. जेवलीस का, कोण आहे तुझ्याजवळ, तेही नाही. त्यानंतरची तीन वर्षंसुद्धा नाही. मी माझ्या आणि तात्यांच्या गोष्टीत इतकी गुंतले होते की त्या घरात आणखी एक माणूस होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लाज वाटली, आणि ती कुठल्याही पुस्तकातली नव्हती.

पंखा फिरायला लागला. टीव्हीचा लाल ठिपका लागला. आम्ही दोघींनी तिकडे बघितलं नाही.

"सांग मला," मी म्हटलं. "ते बारा दिवस. पहिल्यापासनं."

"काय सांगायचं त्यात," ती म्हणाली. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी तेल लावायला ठेवायची तसा. "ऐतवारी तू गेलीस न्हवं, तवा मी दारात हुबी हुते. यष्टी वळणावर दिसंनाशी झाली. घरात आले, तर त्येनी मला वळखलं न्हाई. कोन गं तू, म्हनाले. मला लय भ्या वाटलं त्या दिवशी."